समुद्र न पाहिलेल्या गावाची येळवस

मार्गशीर्षाच्या अमावस्येला लातूर शहर रिकामं होतं. दुकानांची शटर खाली असतात. रिक्षातळावर रिक्षा नसते. एरवी जिथे धक्का खाल्ल्याशिवाय चालता येत नाही, त्या गंजगोलाईत कुत्री रस्त्याच्या मधोमध ऊन खात पडलेली असतात. माणसं शेतात गेलेली असतात. ज्यांना शेत आहे ती आपल्या, ज्यांना नाही ती दुसऱ्याच्या. या दिवसाच्या बातमीचा मथळा ठरलेला आहे: शहरात अघोषित संचारबंदी. दरवर्षी तोच असतो आणि दरवर्षी बरोबर असतो. उपसंपादकाच्या आयुष्यात असे मथळे फार थोडे.

पंचांगात आणि सुट्टीच्या परिपत्रकात या दिवसाला वेळा अमावस्या म्हणतात. तोंडी येळवस. यंदाची येळवस सकाळी जिन्यातूनच कळली. खालच्या मजल्यावरचं कुटुंब गावाकडे निघालं होतं. पूर्वी घरचा कर्ता पुरुष घोंगडी पांघरून, डोक्यावर आंबिलीचं मडकं घेऊन शेतापर्यंत चालत जायचा. आता मडकं गाडीत पुढच्या सीटवर होतं आणि त्याला सीटबेल्ट लावलेला होता. घरचा कर्ता पुरुष मागे, मुलांच्या मधे दबून बसला होता. ताक, ज्वारीचं पीठ आणि ठेचलेला लसूण यांचा आंबट वास जिनाभर राहिला. गाडी गेल्यावरही तो बराच वेळ तिथेच होता.

हा सण कशासाठी, असं विचारलं तर शेतातली माणसं फार काही सांगत नाहीत. काळ्या आईसाठी, म्हणतात. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरत असतात, तूर काढणीला आलेली असते. पदरात अजून काही पडलेलं नसतं. मधे पाऊस पडू शकतो, गारपीट होऊ शकते, भाव कोसळू शकतो. तरी लोक शेतात जातात, कडब्याची कोपी म्हणजे छोटी खोप उभारतात, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात आणि जमिनीला जेवू घालतात. पीक घरी येण्याच्या आधीच तिचे आभार मानून टाकतात. हिशेबाच्या दृष्टीने हे उलटं आहे. हे उलटेपण मला समजलं ते एकाच येळवशीला, देवणीच्या अलीकडच्या एका गावात, एका विहिरीच्या काठावर. त्याला आता बरीच वर्षं झाली.

तेव्हा माझी नांदेडहून लातूरला बदली झाली होती. नांदेड जिल्ह्यात देगलूर-मुखेडकडच्या काही गावांत येळवस असते, पण शहराला तिची खबर नसते. मी शहरातला. अमावस्येच्या आदल्या दिवशी आमच्या दैनिकाचे देवणीकडचे वितरक माधवराव कार्यालयात आले. पन्नाशीचा, उंच, आवाज न चढवता बोलणारा माणूस. उद्या काय करणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काम करणार.

“कुनाच्या बातम्या करताव सायेब? बातमी व्हायला बी मानूस लागतंय की. उद्या लातुरात तुमाला कपभर च्या भेटायचा न्हाई. चला आमच्या शेतात.”

“घरच्यांना अडचण होईल.”

“येळवशीला कुनी आलं न्हाई तर अडचन व्हती. आलं तर न्हाई.”

दुसऱ्या दिवशी जीपने उदगीरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. मधूनच एखाद्या शेतात कोपी दिसायची आणि तिच्यावर पांघरलेली लाल शाल. जीप कुठेही थांबत होती आणि प्रत्येक थांब्याला कुणीतरी चालकाला खाली उतरून जेवून जा म्हणत होतं. चालक म्हणाला, “तिसऱ्यांदा जेवलो तर गाडी मी न्हाई, बैल चालवतील.”

माधवरावांचं शेत ओढ्याच्या वरच्या अंगाला होतं. बांधाला दोन देवणी बैल, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, शिंगांना नवा रंग. माधवरावांच्या पत्नी चुलीपाशी भज्जी घोटत होत्या. भज्जी म्हणजे तुरीचे, वाटाण्याचे, पावट्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि मिळेल ती पालेभाजी, बेसन लावून एकत्र शिजवलेली. शेजारी टोपल्यात बाजरीचे उंडे, पिठाचे वाफवलेले गोळे. कोपीच्या पलीकडे जुनी विहीर, चिऱ्यांनी बांधलेली, एका बाजूने पायऱ्या. पूर्वी मोट चालायची तेव्हा तिचं पाणी ज्यात पडायचं ते दगडी थारोळं अजून शाबूत होतं. त्या थारोळ्यावर विहिरीकडे तोंड करून एक म्हातारी बसली होती. माधवरावांची आई, भागाबाई. मोतीबिंदूने एक डोळा गेलेला, दुसऱ्याला उजेड आणि सावली एवढंच कळायचं.

“माय, पेपरचे सायेब आल्यात.”

“बसा बाबा. पिराजी आला की जेवायचं.”

पिराजी कोण, हे मला माधवरावांनी बैलांना वैरण टाकता टाकता सांगितलं. बातमीदाराला गोष्ट सांगताना लोक सहसा ती मोठी करतात. माधवरावांनी छोटी केली.

त्यांचा मोठा भाऊ भानुदास. मॅट्रिक झाल्यावर नौदलात गेला. गावातून सैन्यात गेलेले दोघे-तिघे होते, पण पाण्यावरचा सैनिक तोच. गावाने समुद्र पाहिला नव्हता. मराठवाड्यात समुद्र पाहिलेली माणसं आजही फार नाहीत. तेव्हा तर समुद्र भूगोलाच्या पुस्तकात निळ्या शाईचा असायचा, तेवढाच. एकाहत्तरच्या लढाईत भानुदासची नौका अरबी समुद्रात बुडाली. लढाई थांबल्याचं गावाला रेडिओवरून कळलं. दुसऱ्याच दिवशी येळवस होती. गावाने ती दणक्यात केली. भागाबाईंनी थोरल्या लेकाच्या नावाचे उंडे बाजूला काढून ठेवले. तार त्यानंतर आली. तारेत तो बेपत्ता असल्याचं होतं.

इथे गावाने एक चूक केली. ती चूक समुद्र न पाहिलेली माणसंच करू शकतात. भानुदास गावातला सगळ्यात चांगला पोहणारा होता. विहिरीच्या वरच्या चिऱ्यावरून उडी मारायचा, तळ गाठायचा आणि मूठभर गाळ घेऊन वर यायचा. तळाला गेलो होतो याचा तो पुरावा. असा पोरगा पाण्यात बुडेल कसा? समुद्र म्हणजे फार मोठी विहीर, आणि विहिरीला काठ असतोच. तेव्हा तो कुठल्या तरी काठाला लागला असणार, असं गावाने ठरवलं. माणसं घरी येऊन कुठला काठ असेल यावर बोलत. कुणी म्हणे गुजरात, कुणी म्हणे अरबस्तान. वडिलांनी मात्र धाकट्या माधवला सांगितलं, आता तू विहिरीत उतरायचं नाही. माधव तेव्हा शाळेत होता, चांगला पोहत होता. तो उतरायचा थांबला. पुढे वडील गेले, मनाई करणारं कुणी राहिलं नाही, तरी माधवराव विहिरीत उतरले नाहीत.

ज्वारीची रास चालू असताना एक मुलगा गाव विचारत खळ्यावर आला. अंगावर सैल झालेला सदरा, एका हाताला भाजल्याचे डाग. नायगावजवळच्या खेड्यातला. “मी पिराजी. भानूसंगं एकाच जहाजावर व्हतो.”

भागाबाईंनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. आधी विचारलं, “कुठल्या काठाला हाय त्यो?”

पिराजीने खळ्यातल्या मातीवर काडीने जहाज काढलं. त्याने नंतर मला सांगितलं, की येताना वाटेत काय बोलायचं ते त्याने ठरवलं होतं. पण काठाचा प्रश्न येईल असं त्याच्या मनातही नव्हतं. त्याने मजले काढले, खाली जाणारा जिना काढला. “माय, तुमच्या हिरीला पायऱ्या हायत ना, तशाच ह्या. खाली इंजन आसतंय. भानूची पाळी खाली व्हती. माझी वर. जहाज फुटलं तवा मी पाण्यात फेकलो गेलो. त्यो पाण्यात आलाच न्हाई. त्यो पवून हारला न्हाई, माय. त्यो कामावर व्हता.”

 माधवराव सांगत होते, की आई रडली नाही. तिने त्या चित्राकडे पाहिलं आणि विचारलं, “आन तू कसा वाचलास?”

“भानूनं पवायला शिकवलं व्हतं म्हनून.”

पिराजीच्या गावात विहिरी पुष्कळ होत्या, पण त्याच्या वस्तीतल्या माणसांना एकाही विहिरीच्या काठाला उभं राहता येत नव्हतं. धर्म बदलला होता, विहिरी बदलल्या नव्हत्या. तो पोहायला न शिकता नौदलात पोचला. तिथे पोहण्याची परीक्षा असते. नापास झाला तर परत पाठवतील या भीतीने तो हौदाच्या कठड्याला धरून थरथरत होता, तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या एकाने मराठीत विचारलं, “कुनीकडचा हायस रं?” परक्या मुलखात आपल्याकडची बोली ऐकून त्याला रडूच फुटलं. भानुदासने त्याला संध्याकाळी हौदात उतरवून शिकवलं. “पान्याला मिठी मारू नको. ते तुला घेऊन बसंल. खाटंवर पडल्यावानी पड. आभाळाकडं बघ.” त्या रात्री समुद्रात पिराजीने एवढंच केलं. दुसऱ्या दिवशी त्याला उचललं.

“दाव मग,” भागाबाई म्हणाल्या. “त्यानं शिकवलेलं दाव.”

पिराजी विहिरीकडे वळला आणि थांबला. त्याने आपली वस्ती कुठली, ते सांगितलं. रास करायला आलेले शेजारी ऐकत होते. माधवरावांचे वडील खळ्याच्या मेढीला टेकून बसले होते. त्यांनी शेजाऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, “उतर. पन डाव्या अंगानं उडी मार. उजवीकडं दगुड हाय.”

त्याने उडी मारली, तळ गाठला, गाळ घेऊन वर आला. भागाबाईंनी पदराने त्याचं डोकं पुसलं. शेजारच्या एकाने दुसऱ्या दिवसापासून त्या विहिरीचं पाणी भरणं बंद केलं. “मंग उन्हाळ्यात त्यायचीच हीर आटली,” माधवराव म्हणाले. “आले घागर घेऊन. बापानं इचारलं बी न्हाई, का आलाव म्हनून. भरू दिली.”

तेव्हापासून पिराजी येत राहिला. नौदलात होता तोवर सुट्टी मिळेल तेव्हा, सुटल्यावर दर येळवशीला. नांदेडला एका बँकेत सुरक्षारक्षक होता, तिथून निवृत्त झाला. क्रम ठरलेला: तो येणार, विहिरीत उडी मारणार, तळातला गाळ आणणार, तो गाळ कोपीतल्या पांडवांपुढे ठेवला जाणार, मग जेवणं. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीत पाणीच नव्हतं. तरी पिराजी पायऱ्यांनी खाली उतरून कोरडी माती घेऊन वर आला, आणि गावातले लोक म्हणाले, यंदा पोहणं सोपं गेलं.

या घराला पुढे अनेकांनी भेटी दिल्या असतील. अधिकारी आले, सत्काराची शाल आली. हुतात्म्यांच्या घरच्यांच्या मुलाखती आम्हीही घेतल्या आहेत. प्रश्न ठरलेले असतात, उत्तरंही. मरण कसं आलं, हे त्या घराला कुणीतरी समोर बसून सांगावं लागतं, मातीवर रेघा काढून, चुकीचा काठ पुसून. ते काम कुठल्याही खात्याचं नाही. ते एका भाजलेल्या हाताच्या पोराने स्वतःहून केलं. भागाबाई गेल्यालाही आता बराच काळ लोटला. शेवटच्या दिवसांत, माधवराव सांगतात, त्या जेवण्यापूर्वी एकेकाचं नाव घेऊन ‘बरं केलंस बाबा’ म्हणायच्या. त्यात जमीन असायची, बैल असायचे, डोळ्यांचे डॉक्टर असायचे आणि पिराजी असायचाच.

तर त्या दिवशी पिराजी आला तो दुपार चढल्यावर. साठीकडे झुकलेला, टापटीप पांढरा सदरा, गळ्यात मफलर. बरोबर त्याची पत्नी सुमनबाई. त्या आजवर कधी आल्या नव्हत्या. जीपमधून उतरताच त्यांनी माधवरावांना बांधापलीकडे बोलावलं. मी बांधावरच बसलो होतो, त्यामुळे ऐकलं.

“भाऊ, ह्यायचं हार्टचं आपरेशन झालंय. हैदराबादला, दिवाळीच्या आधी. डाक्टरनं सांगितलंय, थंड पान्यात पाय सुदिक घालायचा न्हाई. आन हे सकाळधरनं हिरीचंच घेऊन बसून राहिले. मी म्हनून आले संगं.”

“दादा, आमाला कळवायचं न्हाई?” माधवराव म्हणाले.

“काय कळवायचं? तू मायला सांगितलं आसतंस.” पिराजी विहिरीकडे बघत होता. “एकदाच जातो रं. पट्कन.”

“पट्कन जाताव आन मला रांडव करताव,” सुमनबाई म्हणाल्या. “हात लावून बघा त्या पान्याला. बर्फ हाय बर्फ.”

“माय वाट बघून ऱ्हायली.”

“मग सांगा तिला खरं.”

हे बोलणं कोपीपर्यंत पोचू नये इतक्या हळू चाललं होतं. खरं सांगणं अवघड होतं. भागाबाई वर्षभर येळवशीची वाट पाहायच्या, आणि येळवस म्हणजे त्यांच्यासाठी भज्जी नव्हती, आंबील नव्हती. वर्षातून एकदा एक माणूस पाण्यात जाऊन परत वर आलेला त्यांना हवा असायचा. पिराजीला हे माहीत होतं, म्हणून तो हट्ट धरत होता. सुमनबाईंना नवरा जिवंत हवा होता. दोघांचंही बरोबर होतं.

तोडगा माधवरावांनी काढला. “मायला दिसत न्हाई. मी मोठा दगुड टाकतो हिरीत. दादा, तुमी बादलीभर पानी अंगावर घ्या, गाळ मी पाटातला देतो. जावा तिच्याफुडं.”

“गरम पानी,” सुमनबाई म्हणाल्या. “चुलीवरचं.”

“वैनी, हीर गरम आसती का कुठं?”

“मग कोमट. म्हातारीला फसवायला निघालाव, लाज वाटाय पायजे तुमाला.” मग जरा थांबून, “टाका दगुड.”

बातमीदाराने घटनेत भाग घेऊ नये, असं आम्हाला शिकवलेलं असतं. चुलीवरचं पाणी बादलीत ओतून विहिरीपर्यंत मीच नेलं.

पिराजी थारोळ्यापाशी गेला. “जय भीम, माय.”

“जय भीम, राम राम,” भागाबाई एका दमात म्हणाल्या. दोन्ही नमस्कार त्या जोडूनच करायच्या. “उशीर केलास रं. जा, उतर आधी. भुका लागल्यात लोकायला.”

पिराजी सदरा काढून विहिरीच्या डाव्या अंगाला गेला. छातीवर गळ्यापासून खाली उभी, ताजी लाल रेघ होती. माधवरावांनी दोन्ही हातांनी दगड उचलला आणि सोडला.

आवाज मोठा झाला. विहिरीच्या कपारीतले पारवे फडफडत वर आले. पिराजीने अंगावर बादली ओतून घेतली. पाणी निथळू लागलं. माधवरावांनी पाटातला चिखल त्याच्या मुठीत दिला. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. भागाबाई थारोळ्यावर मान तिरकी करून बसल्या होत्या, हालचाल न करता. विहिरीतलं पाणी हळूहळू निवलं. पारवे परत आत गेले.

मग त्या उभ्या राहिल्या.

“वर का येईना?”

पिराजी चार पावलांवर होता. त्याने पाऊल उचललं, पण त्यांचा आवाज ऐकून तो जागच्या जागी थिजला.

“वर येईना त्यो! माधव, वर येईना! बघत काय ऱ्हायलास? उडी टाक!”

तो आवाज कसा होता ते लिहिता येत नाही. चुलीपाशी माधवरावांच्या पत्नीच्या हातून पळी पडली. आणि माधवरावांनी उडी टाकली. अंगावरच्या कपड्यांनिशी, डोक्यावरच्या टोपीसकट. विहिरीत कुणी नाही, हे सगळ्यांत जास्त त्यांनाच माहीत होतं. दगड त्यांनीच टाकला होता. तरी त्यांनी उडी टाकली.

पाणी फुटलं. मग काही नाही. मग पुन्हा पाणी फुटलं आणि माधवराव वर आले, धापा टाकत, कपाळावर केस चिकटलेले. विहिरीतून त्यांचा आवाज घुमत वर आला.

“खाली कुनी न्हाई, माय. कुनी न्हाई खाली.”

पिराजीने पुढे होऊन भागाबाईंचा हात धरला. “माय, मी हितं हाय. वर हाय.”

त्यांनी त्याला चाचपलं. ओला खांदा, ओली मान, मग छाती. बोटं त्या रेघेवर आली आणि थांबली. “ह्ये काय?”

सुमनबाईंनी सांगितलं. ऑपरेशन, हैदराबाद, डॉक्टर, दगड, बादली. बादलीतलं पाणी कोमट होतं, हेसुद्धा सांगितलं.

भागाबाईंनी पिराजीच्या पाठीत एक धपाटा घातला. म्हातारीच्या मानाने बराच जोरात. “मेल्या. म्या बघतेय व्हय डोळ्यानं? डोळं हायत का मला? मानूस पडलं की पानी दोनदा वाजतंय. जाताना येकदा, येताना येकदा. तुमचं येकदाच वाजलं.” त्यांनी त्याचा दंड घट्ट धरला. “माझा जीव घेत व्हतास.”

“मी नको म्हनत व्हते,” सुमनबाई म्हणाल्या.

“तू शानी हायस. तू संगं येत जा दर साली. ह्यायच्यातलं कुनी बी शानं न्हाई.”

माधवराव पायऱ्यांनी वर येऊन कुडकुडत उभे होते. टोपी विहिरीतच राहिली होती. त्यांनी मूठ उघडली. मुठीत काळा गाळ होता. तळापर्यंत जायची काही गरज नव्हती, पण हाताने आपलं काम जुन्या सवयीने केलं होतं. भागाबाईंनी माधवरावांना जवळ बोलावलं आणि लुगड्याच्या पदराने पन्नाशीच्या लेकाचं डोकं पुसलं. कान पुसले, कानामागे पुसलं. माधवराव लहान पोरासारखे वाकून उभे राहिले. सुमनबाई हसायला लागल्या, मग पिराजी, मग सगळेच.

पूजा झाली. डहाळीने पिकावर आंबील शिंपडत माधवराव शेताभोवती फिरले. अर्ध्या कानडी आणि अर्ध्या कुणालाच न कळणाऱ्या भाषेतली येळवशीची ठरलेली आरोळी त्यांनी दिली तेव्हा थंडीने दात वाजत असल्यामुळे ती आणखीच कळेनाशी झाली. मग पंगत बसली. ज्वारीच्या धाटांमधून वारा येत होता. भज्जीची चव मला आज सांगता येणार नाही, कारण तशी पुन्हा कुठे मिळाली नाही. लातुरात अनेक येळवशी काढल्या, अनेक शेतांत जेवलो. त्या दिवशीची बातमी दुसऱ्या दिवशी छापून आली, ठरलेल्या मथळ्याखाली; जाहिरातीमुळे ती तीन ओळींवर आली होती. ज्या ताटावर मला बोलावण्याचं कुणालाच काही कारण नव्हतं तिथे मला वाढलं गेलं, आणि जे पाहण्याचा मला काही हक्क नव्हता ते पाहायला मिळालं. याचे आभार कुणाचे मानायचे, ते मला नीट ठरवता आलेलं नाही. म्हणून सगळ्यांचेच मानतो, त्या घराच्या पद्धतीने.

पिराजीने ताटावर बसून मला विचारलं होतं, तुम्ही लिहिणार का. मी म्हटलं, काय लिहू ते सांगा. तो म्हणाला, “माझी नौकरी झाली, पोरी शिकल्या, घर झालं. आता ह्ये काळीज बी नवं करून दिलं डाक्टरनं. ह्ये समदं त्या हौदातल्या संध्याकाळचं हाय. भानूला काय भेटलं त्यातलं? तेवढं लिवा. उत्तर आसंल तर लिवा.” प्रश्न तेवढा लिहिला. 

“आता तू हिरीत उतरायचं न्हाई,” भागाबाई त्याला म्हणाल्या. “यायचं, जेवायचं, जायचं.”

“मंग तुला बरं वाटंल का, माय?”

 उंड्याचा तुकडा भागाबाईंच्या हातात तसाच होता. मग त्यांनी त्याला एक प्रश्न विचारला. माधवराव नंतर म्हणाले, की समुद्राविषयी त्यांनी आजवर त्याला काहीच विचारलं नव्हतं; फक्त काठाचं एकदा, तेवढंच.

“समुद्राचं पानी वाजतंय का रं?”

“वाजतंय की, माय.”

“कवा?”

पिराजीने घास खाली ठेवला. विचार केला. “सारकं वाजतंय. दिवस न्हाई, रात न्हाई. येक लाट जाती, दुसरी येती. कवाच थांबत न्हाई.”

“रातीला बी?”

“रातीला तर जास्तीच.”

भागाबाई ऐकत राहिल्या. वाऱ्याने ज्वारीची पानं एकमेकांवर घासत होती.

“मंग बरं हाय,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, लई गप आसंल तिथं.”

आणि त्या जेवू लागल्या.